पालथी काहील

घरामागच्या मोकळ्या जागेत एक लहानसे गोल तळे असावे, ही माझी इच्छा फार जुनी. ती कुठून आली, हे मला या ज्येष्ठापर्यंत ठाऊक नव्हते. डोळे मिटले की काळसर काठ दिसे, त्यात स्थिर पाणी, पाण्यावर काही पाने आणि त्या पानांच्या मधून आभाळ. शाळेत मुलांना कविता शिकवताना पाण्याचा उल्लेख आला की मला हेच पाणी आठवे. नदी नव्हे, विहीर नव्हे. हेच.

त्या इच्छेला निमित्त मिळाले आबांच्या येण्याने. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर ते गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळत असताना पाक नेमका कोणत्या क्षणी विस्तवावरून उतरवायचा, हे ज्याच्या नजरेवर आणि बोटांवर सोपवलेले असते, तो गुळव्या. गेल्या फाल्गुनात ते चुलाणाजवळ, गुऱ्हाळाच्या भट्टीपाशी, चक्कर येऊन पडले आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत तसेच पडून राहिले. चैत्रात गुऱ्हाळ बंद झाले. आई जाऊन सहा वर्षे झाली होती आणि गावातल्या घरात आता दुसरे कुणी नव्हते. माझा धाकटा भाऊ वारणानगरला दूध संघाच्या कॉलनीत राहतो. दोन खोल्या, चौथा मजला. म्हणून त्याने आबांना माझ्याकडे कोल्हापुरात आणून सोडले.

"पावसाळ्यापुरता ऱ्हातो," आबा उंबऱ्यावर म्हणाले. मी हो म्हटले आणि मनात ठरवले की यांना परत जाऊ द्यायचे नाही.

पण त्यांना धरून ठेवावे असे माझ्या घरात काय होते? पहाटे उठून ते मागच्या पायरीवर बसत आणि समोरच्या कुंपणभिंतीकडे पाहत. भिंतीवर पाहण्यासारखे काहीच नव्हते. वाफेने आणि धगीने काळवंडलेले त्यांचे तळवे मांडीवर उताणे पडलेले असत, कुणी काम देईल म्हणून ठेवल्यासारखे. त्यांच्या खोलीत मुंग्या मात्र येऊ लागल्या. मी रोज मुंग्यांच्या खडूने उंबऱ्याशी रेघ ओढी आणि रोज त्या निराळ्या फटीतून, निराळ्या वळणाने, तितक्याच शांतपणे येत. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत खाण्याचे काही सांडत असेल, असे मी धरून चालले.

त्या पायरीसमोर पाणी हवे, असे मला वाटले. पाण्याकडे माणूस कितीही वेळ पाहू शकतो.

बागा आखून देणारा एक तरुण आला. त्याने जागा मोजली, गुळगुळीत कागदांची वही उघडली आणि फायबरचे टाके, पाणी फिरवणारा पंप, पाण्याखालचे दिवे, परराज्यातले गोटे असे एकेक पान उलटत शेवटी एक आकडा सांगितला. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी धरणांचे आकडे ऐकलेले आहेत.

"यात कालवेही धरलेत का?" त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारले. तरुणाने चहा अर्धा टाकला आणि तो गेला.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. "आक्का, काहील उद्या भंगारवाला उचलतोय. तुला सांगून ठेवलं."

काहील म्हणजे ज्या अजस्र, उथळ, गोल लोखंडी कढईत रस उकळतो, ती. आठ फूट रुंद, दीड हात खोल. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांचा गूळ तिच्यातून निघाला होता. ती आता तोडून, वजन करून, तुकड्यातुकड्यांनी जाणार होती.

"भंगारात? आपली काहील?"

"मग काय करू? कॉलनीत जिन्यावरनं चढवू?"

आणि तेव्हा तो काळसर गोल काठ माझ्या डोळ्यांसमोर आला. मी म्हटले, "माझ्याकडे पाठव. मी तिचं तळं करते."

 तो म्हणाला, "आबास्नी इचारलंस?"

"त्यांना आनंदाचा धक्का देऊ."

हे शब्द माझेच. मी ते पुसून टाकू शकत नाही.

आबा गारगोटीला आत्याकडे लग्नाला आठ दिवस गेले, तेवढ्यात सगळे उरकायचे ठरले. काहील टेम्पोतून आली. पण घराच्या बाजूचा बोळ जेमतेम चार फूट. ती आडवी जाणार कशी? शेवटी माणसांनी तिला कडेवर उभी केली आणि चाकासारखी लोटत नेली. लोखंडाचा तो घरघराट फरशीवरून, भिंतींवरून, माझ्या दातांतून गेला. समोरच्या गच्चीवरून शेजाऱ्यांनी ओरडून विचारले, "वहिनी, सर्कस उतरली काय आपल्याकडं?"

दोन मजुरांनी दिवसभरात खड्डा खणला. आमच्याकडची माती काळी, चिवट. फावड्याला धरून राहणारी. तळाला वाळू पसरली, काहील बसवली, काठ जमिनीच्या पातळीला आणला. मी राख आणि काथ्या घेऊन तिला आतून घासले, तेव्हा लोखंडातून जळक्या साखरेचा मंद वास उठला. एका बाजूला आबांनी कधीतरी मारलेले थिगळ होते, चार रिव्हेटांचे. त्यावर बोट फिरवून मी तिथेच थोडी बसले. काठाभोवती नदीतले नव्हे, जुन्या न्हाणीचे उपटलेले दगड मांडले. ओळखीच्या बाईंनी वेखंडाची रोपे दिली. रोपवाटिकेतून कुमुदाचा एकच कंद आणला. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. ते आबांना बरोबर नेऊन आणायचे, असे मी ठरवले. नळी सोडली. पाणी चढत गेले आणि संध्याकाळी त्या काळ्या वर्तुळात आभाळ उतरले. कडुनिंबाची चार पाने वाऱ्याने येऊन पडली. मला रडू येईल इतके ते माझ्या मनातल्या चित्रासारखे होते.

पाणी भरल्यावर चौथ्या दिवशी आबा लग्नाहून परत आले. हातातल्या कापडी पिशवीसकट मी त्यांना मागच्या दाराशी नेले. ते पायरीवर उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि तो चेहरा माझ्यासमोर विझत गेला.

"पाणी कुणी घातलं तिच्यात?"

"मी, आबा."

"कवा?"

"चार दिवस झाले."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, दाराची चौकट धरली. आवाज चढला नाही. तो तसा चढता तर मला सोपे गेले असते.

"माझं सुतक धरलंस व्हय, पोरी?"

मला वाटले, थट्टा आहे. मी हसले. आजही ते हसू माझ्या तोंडावर चिकटून राहिल्यासारखे वाटते.

आबा खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. मी भावाला फोन लावला आणि मला जे माहीत असायला हवे होते, ते मला पन्नाशी उलटल्यावर फोनवरून कळले. आमच्या नदीकाठच्या गुळव्यांच्या घरांतून काहील एक तर चुलाणावर असते, नाही तर पालथी. हंगाम संपला की घासून, तेलाचा हात फिरवून तिला चार दगडांवर पालथी घालतात. उताणी आणि थंड पाण्याने भरलेली काहील फक्त एकाच वेळी असते. गुळव्या गेला की चुलाण विझवतात, स्मशानातून परतलेली माणसे तिच्यात पाणी ओततात, त्यात कडुनिंबाचे डहाळे टाकतात आणि ते पाणी तेराव्यापर्यंत तसेच ठेवतात.

"आज्जाच्या वक्ताला तू हुतीस की आक्का," भाऊ म्हणाला. "मी पोटात हुतो. आई सांगायची, तू त्यात कागदाची होडी सोडलतीस. कुणी रागं भरलं न्हाई म्हणं."

फोन कानाशी तसाच राहिला. मी सहा वर्षांची असेन. मोठी माणसे भिंतीला टेकून बसली होती, कुणी बोलत नव्हते, आणि अंगणाच्या टोकाला एक गोल, काळसर काठाचे, अत्यंत शांत पाणी होते. त्यावर पाने होती. पानांच्या मधून आभाळ दिसत होते. जन्मभर जे मी सौंदर्य म्हणून जपले, ज्याच्या आधारावर मुलांना कविता समजावल्या, ते आजोबांच्या मृत्यूचे पाणी होते. आणि ते मी स्वतःच्या हाताने, नळी धरून, जिवंत बापाच्या समोर भरून ठेवले होते.

मी पाणी उपसून काहील बाहेर काढायला निघाले, तर आबांनी अडवले. "ऱ्हाऊ दे. घातलंय न्हवं आता."

त्यांनी भावाला एकच निरोप दिला: गावातल्या घराची कौले फिरवून घे आणि मला न्यायला ये. पिशवी भरून त्यांनी ती पुढच्या दाराशी ठेवली. तिथे ती तीन आठवडे राहिली. परसात ते फिरकले नाहीत. पुढच्या ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. मी माफी मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. ते म्हणत, "तुला काय ठावं," आणि पुन्हा रस्त्याकडे पाहत. त्यांच्या त्या शब्दांत राग नव्हता, हेच मला असह्य होई. त्या घरात ते पुन्हा पडले तर या खेपेला कोण पाहील, हा विचार मला भाकरी थापतानाही सोडत नसे. भाऊ माझ्यासाठी कौलांचे काम लांबवीत होता. गवंडी मिळत नाही, कौले मिळत नाहीत, गवंड्याच्या घरी बारसे आहे. शेवटी आबांनी स्वतःच गावात फोन करून गवंडी मिळवला.

पाऊस धरला. चौथ्या दिवशी भावाचा निरोप आला: कौले झाली, रविवारी सकाळी जीप घेऊन येतो.

शनिवारी आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघर तपासणी करत आमच्याकडे आल्या. गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले होते. त्या टॉर्च घेऊन थेट परसात गेल्या.

"मॅडम, हे काय?"

"तळं आहे."

"कोरडा दिवस पाळायचा, माहीत आहे न्हवं? आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करायची."

"हे भांडं नाही हो, तळं."

"डासाला कुठलं कळतंय, मॅडम?" टॉर्चच्या उजेडात अळ्या वळवळत होत्या. गप्पी मासे आणायला मी गेलेच नव्हते. कुणाला बरोबर घेऊन जाणार होते?

मला विरोध करण्याचे त्राण नव्हते. खरे सांगायचे तर ते पाणी जावे, हेच मला हवे होते. यजमानांनी आणि मी बादल्यांनी काहील उपसली, तळ फडक्याने पुसला, वर ताडपत्री ताणली. कुमुदाचा कंद बादलीत ठेवला. रात्रभर पाऊस पडत राहिला.

रविवारी उजाडताना मी मागचे दार उघडले आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो माझा आहे हे मला नंतर कळले.

काहील जमिनीतून वर आली होती. पुरलेली, दगडांनी वेढलेली, माणसांनी लोटून आणलेली ती अवजड काहील हातभर वर उठून एका अंगाला कलली होती. न्हाणीचे दगड ढासळले होते, ताडपत्री एका कोपऱ्याला लोंबत होती, वेखंडाची मुळे हवेत होती. तिच्या पोटाखाली गढूळ पाणी चमकत होते आणि ती त्यावर, खरोखर, हलत होती. अगदी हळू. श्वास घेतल्यासारखी.

पावले वाजली. आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. तीन आठवड्यांनी ते त्या पायरीवर आले होते. त्यांनी काहिलीकडे पाहिले, खाली वाकून तिच्या पोटाखालचे पाणी पाहिले, मग माझ्याकडे.

"रिकामी केलतीस?"

"हो. काल."

"भरल्याली ऱ्हायली असती तर उठली नसती. जमीन पाणी प्यालीया, खालनं पाण्यानं उचलली." आणि मग, माझ्या तोंडावरची अवस्था पाहून असेल, त्यांच्या मिशीचे टोक हलले. "बघ. तिलाबी पटलं न्हाई."

मी दार धरून उभी होते. हसावे की रडावे, हे मला कळत नव्हते. दोन्ही एकदम होऊ लागले.

नऊला भाऊ जीप घेऊन आला. तो "आबा, निघायचं न्हवं?" असे विचारत मागे आला आणि पायरीवरच थबकला. आबा अर्ध्या पावसात धोतर खोचून उभे होते. "चप्पल काढ," ते त्याला म्हणाले. "आन ते समोरचं पावणं हायत गच्चीवरचं, त्यास्नी हाक मार. दोन बांबू बघ कुठं मिळत्यात का."

समोरचे शेजारी आले, त्यांचा मुलगा आला, यजमानांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि मग मी तो आवाज ऐकला, जो मी फाल्गुनापासून ऐकला नव्हता. गुऱ्हाळावर उकळता पाक उतरवताना आठ माणसांना एका दमात हलवणारा.

"पावणं, तुमी त्या अंगाला! जावईबापू, कागदावर न्हाई हे, बांबू खांद्यावर घ्या! आता... उचला! थांबू नका, थांबू नका, फिरवा!"

"आबा, माझी कंबर," यजमान कण्हले.

"धरणं बांधली न्हवं? मग एक काहील उचला की!"

काहील एकदा उभी राहिली, तिच्या आतल्या काळ्या भिंतीवरून पावसाचे ओघळ धावले, आणि ती भिंतीलगत, न्हाणीच्या चार दगडांवर, पालथी बसली. धप्प असा आवाज झाला आणि लगेच तिच्या पाठीवर पाऊस वाजू लागला. तो आवाज मला ठाऊक होता. लहानपणी पावसाळ्यात पालथ्या काहिलीखाली शिरून मी तो तासन्‌तास ऐकलेला होता: आत अंधार, कोरड्या मातीचा आणि गुळाचा वास, वर हजार बोटे. हीसुद्धा आठवण माझ्याजवळ होती. मग तळ्यासाठी मी दुसरीच का निवडली?

काहील होती तिथे आता एक खड्डा उरला होता, अगदी तिच्याच आकाराचा, काठोकाठ गढूळ पाण्याने भरलेला. मला वाटले, आता आबा हातपाय धुतील आणि पिशवी उचलतील. भावाच्या हातात किल्ली होती. सगळे ओले, दमलेले, चहाची वाट पाहत उभे होते.

आबा खड्ड्याच्या काठावर बसले. त्यांनी पाण्यात हात घालून कडेची माती ओरबाडली, मुठीत दाबली, अंगठ्याने तिची पट्टी ओढली. पाकाची गोळी पाण्यात टाकून जसे बोटांनी पाहत, तसेच.

"माती बरी हाय," ते म्हणाले. "चांगली तुडवून थर बसवला की उन्हाळाभर पाणी धरंल. शेतातला पाट न्हाई व्हय असाच? त्याला काय काहील लागती?" मग माझ्याकडे न पाहता, "तळंच पायजे हुतं न्हवं तुला?"

"हो, आबा."

"मग तसं म्हणायचं हुतंस."

ते खड्ड्यात उतरले. मी "आबा, नको," म्हणेपर्यंत ते मांडीपर्यंत पाण्यात होते. त्यांनी भावाला पाणी उपसायला लावले आणि स्वतः खड्ड्याच्या कडेला हात टेकून चिखल तुडवू लागले. एक पाय, दुसरा पाय, टाच आधी, मग बोटे. फचक, फचक असा ओला, जाड आवाज येत होता. दहा वाजले, साडेदहा झाले.

"आबा," भाऊ बादली ठेवून म्हणाला, "जीप दुपारी परत द्यायची हाय."

"मग दे जा."

"आन तुमी?"

"हे अर्धं सोडून?" आबांनी पाय थांबवला नाही. "एका दिसाचं काम हाय व्हय हे? सुकतंय, भेगा पडत्यात, पुन्यांदा तुडवावं लागतंय. आक्काला येतंय का ते?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी त्याने ठेवलेली बादली उचलली. 

अकराच्या सुमाराला त्यांना थंडी वाजू लागली. ते वर आले, धोतर कमरेपर्यंत काळे झालेले. "पिशवीतलं दुसरं धोतर काढ," ते म्हणाले.

मी पुढच्या दाराशी गेले, तीन आठवडे न हललेल्या त्या पिशवीपाशी बसले आणि नाडी सोडली. आणि हात झटकन मागे घेतला. आत मुंग्या होत्या. घडीघडीतून, बाह्यांतून, धोतराच्या काठावरून त्यांची अखंड रांग खाली, तळाकडे जात होती. मी कपडे एकेक करून बाहेर काढले. तळाशी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला, मुठीएवढा गुळाचा खडा होता. मागून भाऊ वाकून पाहत होता, तो दबक्या आवाजात म्हणाला, "शेवटच्या काहिलीचा हाय तो. मी बघितलतं त्यास्नी काढून ठिवताना."

मी गुळव्याची मुलगी. दोन महिने माझ्या घरात तो गूळ होता, आधी त्यांच्या खोलीत, मग माझ्या दाराशी. मी त्याच्यावरून रोज ये-जा केली, मुंग्यांना रेघा ओढल्या, आणि मला वास आला नाही. मी फडके नाकाशी नेले. जळक्या साखरेचा, रस निवळायला घालतात त्या भेंडीच्या चिकाचा, चिपाडाच्या धुराचा वास इतक्या जोराने आला की डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"गावलं का?" आबांनी मागून ओरडून विचारले.

"गावलं," मी म्हटले. 

"मग समदंच भाईर काढ आन वाळत घाल. मुंग्या लागल्यात त्याला कवाच्या."